बैलाखालचं झाड

अहो,

तुम्हाला पत्र असं मी कधी लिहिलंच नाही. वेळच कुठे आली? लग्न झालं आणि तुमच्या पाठोपाठ कुवेतला आले, ती आजपर्यंत इथेच. आज लिहितेय, कारण घर रिकामं झालंय, उद्या केतकी मला नाशिकला नेणार आहे, आणि एका वस्तूचं काय करायचं तेच ठरत नाहीये. तुमचं ते नाणं!

थकलेय हो मी. तुम्ही गेल्यापासून नुसते कागद आणि सह्या. माझा इथे राहायचा परवाना, तो इकामा, तुमच्या नावावर होता, आता तुम्ही नाही म्हणजे तोही नाही. सोफा वरच्या मल्याळी बाईंनी नेला, फ्रिज खालच्या वॉचमनच्या, हारिसच्या खोलीत गेला. तुमच्या चपला तेवढ्या अजून दाराशी आहेत. त्या कोणाला द्यायच्या, हे सांगून नाही गेलात.

नाण्यांचं मात्र सांगून ठेवलं होतंत. त्याप्रमाणे तुमचे नाण्यांचे दोस्त कर्णिक भावजी खैतानहून आले, चहा घेतला आणि तुमच्या डब्या एकेक करून पिशवीत ठेवल्या. शेवटी हे नाणं हातात घेऊन भिंगातून बघत म्हणाले, "वहिनी, हेही नेतो. पण आधी हे लाल साफ करून घ्यायला हवं. कुंकवाने पार रूप घालवलंय याचं." मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि मूठ मिटली. भावजी बिचारे पिशवी उचलून निघाले.

ते लाल कुठून आलं, हे त्यांना कधीच सांगितलं नव्हतंत का हो?

अहमदीहून ऑफिस संपवून यायचात आणि बूटही न काढता भिंग घेऊन बसायचात. चहा गार व्हायचा. "हे बघ सुनंदा, क्रीट बेटावरचं चांदीचं नाणं. इकडे झाडात बसलेली बाई, तिकडे मान वळवून बघणारा बैल." मला त्या बाईपेक्षा भाजीचं पडलेलं असायचं. तरी तुम्ही सांगतच राहायचात. त्या लोकांकडे स्वतःची चांदी नव्हती, म्हणून परगावाहून आलेलं नाणं तापवायचे, आपल्या ठशांमध्ये धरायचे आणि वरून हातोडा हाणायचे. जुन्यावर नवं. या बैलाखालीही कुणाचं तरी जुनं चित्र आहे, एवढं तुम्हाला कळत होतं. कुणाचं, ते मात्र दिसत नव्हतं. किती महिने डोळे फोडून घेतलेत!

आणि मग ती दिवाळी. मी लक्ष्मीपूजनाला ताम्हनात आपली चांदीची नाणी मांडली, त्यात तेही ठेवलं. चांदीचं नाणं ते चांदीचं नाणं, त्यात माझं काय चुकलं? दूध घातलं, पाणी घातलं, वर चिमूटभर कुंकू वाहिलं. तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! "अगं, दोन हजार वर्षांहून जुनं आहे ते! गणपतीची सुपारी नाही!" दुसऱ्या दिवशी पाडव्याला ओवाळलं, तेव्हाही तोंड फुगलेलंच. ओवाळणी तबकात टाकलीत ती माझ्याकडे न बघता. त्याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते.

मग ते पुसायला म्हणून दिव्याखाली नेलंत आणि तिथूनच हाक मारलीत, "अगं, इकडे ये! लवकर!" ओलं कुंकू बैलाच्या पोटापाशी बारीक रेषांमध्ये जाऊन वाळलं होतं. एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी पानं. तुम्ही भिंग डोळ्याला लावलंत. "सायरीनीचं झाड! समुद्रापलीकडच्या गावाचं. हिंगाच्या जातीचं होतं म्हणे, आता जगात कुठे उरलं नाही."

"मग आमटीत काय घालत असतील बिचारे?" मी म्हटलं. किती हसलात!

त्यानंतर दर लक्ष्मीपूजनाला स्वतःच ते नाणं घेऊन यायचात. "लाव कुंकू," म्हणायचात. "तुझ्यावर उगीच ओरडलो," एवढं मात्र कधी म्हणाला नाहीत. म्हणायला हवं होतंत.

परवा वन्संचा फोन आला. बोलता बोलता रडल्या. मग हळूच म्हणाल्या, "येशील तेव्हा कपाळ मोकळं ठेव हं. सगळे जमलेले असतील, बरं दिसत नाही." त्या वाईट नाहीत, मला माहीत आहे. पण सकाळी आरशासमोर उभी राहिले की हात आपोआप करंड्याकडे जातो. इथे मला कोणी काही विचारलं नाही. केतकी म्हणते, "आई, डू व्हॉट यू वॉन्ट." अगं, पण मला काय हवंय, ते मला कळायला नको का?

दोघांनी एकाच आठवड्यात कुंकू पुसायला सांगितलं. खरं सांगते, मी पुसणार होते. भांडायचं त्राणच नाही. केतकी खाली हारिसला किल्ल्या द्यायला गेली, तशी कापूस भिजवून ओट्याशी बसले. म्हटलं, आधी नाणं, मग कपाळ. एकदाचं होऊन जाऊ दे.

नाणं खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. वर तुमचा बैल, पोटापाशी ते लाल झाड. हातोडा मारणाऱ्याने काही दयामाया दाखवली नसणार. तरी झाड आहे!

आणि एकदम आईचा हात आठवला. परकरात होते मी. शाळेला निघाले की आई हनुवटी धरून कुंकू लावायची, "हलू नकोस" म्हणायची. तेव्हा तुम्ही कुठे होतात हो? मला तुमचं नावही माहीत नव्हतं. तुमचा ठसा त्या कुंकवावर पुष्कळ नंतर बसला. चांगला बसला, मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. पण कुंकू त्याच्या आधीचं आहे. ते माझं आहे.

कापूस कचऱ्यात टाकला. नाणं करंड्यात ठेवलं, करंडा पर्समध्ये.

उद्या नाशिकला पोचेन ती कुंकू लावून. वन्संना नमस्कार करीन, त्या बोलतील ते ऐकून घेईन. वाद घालणार नाही आणि पुसणारही नाही. दिवाळीला पहिल्या वर्षाचं म्हणून घरात काही नसलं, तरी मी एकटी ताम्हन घेऊन बसेन. "लाव कुंकू" म्हणायला तुम्ही नसाल. मी लावीन, आधी झाडाला, मग मला.

तुमची,
आणि तुमच्या आधीचीही,
सुनंदा