स्मिताच्या रसाची पैज

९ नोव्हेंबर १९८६, सौंसर
आधी सगळ्यांच्या तब्येती! भाऊ अरविंदाचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत. शोभावहिनीचा खोकला गेला. माझे उरलेले सात दात खंबीर. आणि भाची स्मिता? नागपूरचं कॉलेज आंदोलनानं बंद, म्हणून घरी आली — अंगात धंद्याचा ताप घेऊन! ट्रकवाल्यांचा संप, घरच्या बागेत संत्र्यांचा सडा, आन् ही म्हणते, "आत्या, रस काढून बाटल्यांत भरू!"
मले तर नाचावंसंच वाटलं.

१० नोव्हेंबर
अरविंद तहसीलीतला बाबू. भडकला.
"बी.एस्सी. शिकून रस विकते? बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणला मी. शनिवार शेवटचा!"
"कॉलेज सुरू असतं तर भरलाच असता, बाबा. आता नाही तर कधी?"
"शनिवारपर्यंत रस टिकवून दाखव. नाही तर मुकाट्यानं सही कर!"
घ्या! पैजच लागली.

११ नोव्हेंबर
सुखदेवची उसाची रसवंती बंदच होती. सोललेली संत्री त्याच्याच चरकात घातली. काय धार! सुखदेव म्हणे, "विजयमालाबाई, माह्या चरकाले बाटवलं तुम्ही!" हसून हसून पोट दुखलं. रस साखर घालून उकळला, बाटल्यांत भरला.

१२ नोव्हेंबर
कडू जहर!
स्मिता रसायनाचं पुस्तक मांडीवर घेऊन रडून राहिली. मी गाळलेला चोथा चिवडला — बियांचा चुरा! चरकानं बिया भरडल्या. आजाऱ्याले रस देताना बिया आधी काढतो आपण, आन् चरकाच्या नादात तेच विसरलो. दोघी शहाण्या!

१३ नोव्हेंबर
आज हातानं. फोड सोल, बी काढ, फडक्यात पीळ. मोहल्ल्यातल्या सहा बाया आल्या. गप्पाच गप्पा!
पंचफुला म्हणे, "पोरी, तू बँकेत गेलीस तर आम्हाले कामाले कोण बोलावेल वं?"
 स्मितानं पदर खोचावा तशी ओढणी खोचली. वाटते, खरा धंदा तेव्हाच सुरू झाला.

१५ नोव्हेंबर
गोड! दोन दिवसांनीही गोड!!
अरविंदानं पेला रिकामा केला. "हं," बोलला आणि चप्पल घालून बाहेर. आज शनिवार, शेवटचा दिवस — सहीशिवायच फॉर्म देऊन येतो की काय?

१६ नोव्हेंबर
अरविंदानं फॉर्म दिला नाही. सकाळी एक पोस्टकार्ड माझ्यापुढं ठेवलं. "बाई, चूक असेल तर सांग." त्याचं कचेरीचं वळणदार अक्षर, नागपूरच्या सरबतवाल्याच्या नावानं —
"नमुन्याच्या दोन बाटल्या छोट्या रेल्वेगाडीनं धाडतो. मालक: स्मिता आणि विजयमाला. कारकून: मी. पसंत पडल्यास उत्तर लवकर धाडा."