कपाटातला नऊ वॅट

रत्नागिरी,
श्रावण वद्य एकादशी

ती. अनिलमामांस,

सलिलचा लांज्याच्या दिशेने तोंड करून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला दोघेही पावसात जोर करतात. यंदा कोण पुढे आहे ते कळवावे. मी ठीक आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन मी भिंतीवर आपटला. (भिंत ठीक आहे.)

त्याचं असं झालं. कॉलेजात हजेरीवरून सरांशी वाजलं आणि मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला, तेव्हापासून गंगारामशेटच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे आषाढात हरिहरकाकांची मुलगी वैदेही आली. घरातले जुने काचेचे बल्ब सारखे उडतात, बिलही फार येतं, त्यांच्या जागी किती वॅटचे घालू, असं तिने विचारलं. (वैदेहीबद्दल माझ्या मनात आता काहीही नाही. नुसती घटना सांगतोय.) साठच्या जागी नऊचा एलईडी, असं एका वाक्यात सांगता आलं असतं. मी पाऊण तास सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी अकरा बल्ब पिशवीत घालून स्वतः तिच्या घरी गेलो.

हरिहरकाकांना नऊ हा आकडा पटेना. साठाचं काम नऊ कसा करील, अशी त्यांची शंका. मी म्हटलं, वॅट म्हणजे बल्ब खातो किती, उजेड पाडतो किती ते नव्हे. तुमच्या भजनातला जानू चाळीस पुऱ्या खातो म्हणून त्याचा उजेड पडतो का? काका हसले. तिथे थांबायला हवं होतं. ओटी, माजघर, न्हाणीघर करत मी पखवाजाच्या कपाटापाशी आलो. काका भजनात पखवाज वाजवतात, आणि पावसाळाभर तो कपाटात ठेवून शेजारी बल्ब जळता ठेवतात. कपाटातला राहू दे रे, असं काका दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझं डोकं फिरलं. शास्त्र ओटीवर एक आणि कपाटात एक नसतं, असं मी त्यांना त्यांच्याच घरात ऐकवलं आणि तिथेही नऊचा लावला. उजेड उत्तम पडला. पखवाजाला उजेड नको होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

गोकुळाष्टमीला भजनस्पर्धा होती. काकांनी पहिली थाप मारली ती ओल्या पोत्यावर बुक्की मारावी तशी वाजली. कातडं दमटपणाने पार सैल पडलं होतं. ओढून, ठोकून, शेगडीवर धरून झालं. चार मंडळांत काकांचं चौथं आलं, आणि गेली तीन वर्षं ते पहिलं येत होतं. घरी आल्यावर काकांनी कपाट उघडून जळता बल्ब मुठीत धरला आणि मला बोलावणं पाठवलं. मी गेलो तरी मूठ तशीच होती. एवढंच म्हणाले, "सलिल, कॉलेज सोडलंस ते नेमकं उबेचा धडा यायच्या आदल्या दिवशी काय रे?"

संध्याकाळी वैदेहीचा फोन आला. ती नुसती हसत राहिली. म्हणून भिंत.

तर असा मी आता सगळ्यातून मोकळा आहे. मामीला नमस्कार.

आपला,
सलिल

ता. क. तुम्ही तुमचं इलेक्ट्रिकचं दुकान बंद केलंत तेव्हाचे काचेचे बल्ब माळ्यावर असतील. इथे ते मिळत नाहीत. साठचे दोन घेऊन या. एसटीतून पार्सल नको, फुटतील. स्वतः या आणि स्वतःच काकांच्या हातात द्या. तुम्ही दोघे एका वर्गातले. बल्ब चांगला तापला, काकांचा हात पखवाजावर पडला, की वैदेहीसाठी माझा विषय काढा. दुकानात मला कायम केलंय हे आधी सांगा, कॉलेजचं नंतर.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना वैदेही दुकानात आली आणि सगळं वाचून गेली. कपाटात पहिल्यापासून चाळीसचा होता म्हणे. साठने कातडं तडकतं. काढलेल्या बल्बवरचा आकडा वाचायला काय झालं होतं, असं तिने विचारलं. तरी साठ लिहिलंय तिथे चाळीस वाचावे. वर कंसात "काहीही नाही" आहे त्यावर तिने पेनने काट मारली आहे, ती मी तशीच ठेवली. गुरुवारी या, असं ती सांगते. माझ्या मते शनिवार बरा, पण गुरुवारीच या.