गोड पाण्याची विहीर

चौल, वैशाख १९३१, शुक्रवार संध्याकाळ

पटकीने माणूस गेलेल्या घरी जाऊन पाणी कुठलं प्यायलात ते विचारायचं, हा डॉक्टरसाहेबांचा हुकूम. नर्सने उशाशी बसावं एवढंच मला ठाऊक. हीसुद्धा शुश्रूषाच, म्हणतात. असेल.

आज कोळीवाड्यात पारूबाईकडे गेले. तिचा मुलगा परवा गेला. आसपासचे सगळे दारच्या विहिरीचं मचूळ पाणी पितात, आणि सगळे धडधाकट. मग हाच कसा?

"त्याला मचूळ पानी जात नव्हतं, बाई," ती म्हणाली. "म्हनून वरच्या वाडीतल्या इहिरीचं गोड पानी आनायची मी. त्याच्या एकट्यापुरतं. फडक्यानं गाळून."

वरच्या वाडीत तर घरोघरी पटकी. मी खाली मान घालून ती विहीर वहीत टिपली. तिच्या लक्षात आलं का?

निघताना तिनेच विचारलं, "शेवटपर्यंत गोड पानी प्यायला ना माझा पोरगा?"

"हो," म्हटलं. "गोडच."

पाण्याचं मी विचारलंच नसतं तर? तर आणखी पोरं गेली असती. कळतंय मला. तरी ते गाळायचं फडकं डोळ्यांपुढून हलत नाही.

साहेबांना सांगून आले. उद्या ती विहीर फळ्या ठोकून बंद करतील. त्या फळ्या पाहिल्यावर पारूबाईला कुणी काही सांगायला नको.