उशिरा पडणारी झांज

वाकोला, २१ डिसेंबर

आबा, लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, आईला सांगा. नाताळला रजा मिळाली नाही. पण इथे मी चक्क बँडमध्ये आहे.

शेजारची लविना स्पॅनिश शिकते. तिला तिकडच्या एका बँडचं नाताळचं गाणं सापडलं. त्या प्रकाराला स्का पंक म्हणतात, म्हणजे ट्रम्पेट, धडाधड ड्रम आणि नुसत्या उड्या. आमची गल्ली तेच बसवतेय. त्यात गिटार ठेक्यावर नाही, दोन ठेक्यांच्या मधे वाजते. आमच्याकडे गिटार नाही, म्हणून झांज. कोणाला जमेना, मला पहिल्याच दिवशी जमलं.

भजनात तुम्ही माझ्या हातातून झांज काढून घेतली होती, आठवतं? "हिचो हात सदाच मागसून येता," म्हणाला होतात. आता लविना सगळ्यांना सांगते, हिच्यासारखं वाजवा.

हात कापतो म्हणून तुम्ही भजनाला जाणं सोडलंत, असं आई म्हणाली. गोळ्या घेताय ना?

खुंटीवरची झांज शोधू नका. न विचारता मीच आणलीय, फोनवर सांगायचा धीर झाला नाही. शिमग्याला घेऊन येते. उशिरा पडली तर पडू दे, दोघं मिळून वाजवू.

तुमची,
जान्हवी