पासष्टच्या आत

रोहणा, ता. आर्वी
२१ एप्रिल १९८५

प्रिय कोकिळा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून दिलंस, तरी मला राग येणार नाही. तेरा वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. पत्ता तुझ्या मैत्रिणीनं, पंचफुलानं दिला. इतकी वर्षं तो तिनं घरात कोणालाच दिला नव्हता, हेही तिनं मला ऐकवलं. आई-बाबा गेल्याचं तिनंच तुला कळवलं असेल. मी अजून इथल्याच शाळेत चौथीला शिकवते. प्रकृती चांगली आहे. इतकी चांगली की रस्त्यात भेटले तर तू मला ओळखणार नाहीस. आधी त्याचीच हकीकत सांगते.

मागच्या जूनमध्ये आपल्या एकुलत्या भावाच्या, रूपरावच्या पायांवर सूज आली. आर्वीच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, आणि तिथं कळलं की त्याच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या आहेत. यंत्रावर रक्त धुऊन घेत काही दिवस निभतील; पण रक्ताच्या नात्यातल्या कोणी एक किडनी दिली, तर ती मुंबईला बसवता येते, असं ते म्हणाले. त्याच्या बायकोचा, शकुंतलाचा, रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. एक्क्याऐंशी किलो. रक्तदाबही चढलेला. ते म्हणाले, बाई, वजन पासष्टच्या आत आणा, गोळीशिवाय दाब ताब्यात ठेवून दाखवा, मग पाहू. मुदत सहा महिन्यांची. काय खायचं, काय नाही, किती चालायचं, सगळं एका कागदावर लिहून दिलं.

मी किती खादाड ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? पोळ्याच्या दिवशी आपण पैज लावून पुरणपोळ्या खायचो. तू तिसऱ्या पोळीला हात जोडायचीस आणि मी सातवीवर तूप मागायची. त्या मला आता लोणचं, पापड, ठेचा, तळलेलं, गोड सगळं बंद. सकाळी ज्वारीची एक भाकर आणि बिनफोडणीची भाजी, दुपारी वाटीभर वरण, संध्याकाळी ताक. मीठ म्हणशील तर चिमटीत मावेल एवढं. पहिल्या पंधरवड्यात शाळेत फळ्याकडे तोंड करून मी दोनदा रडले, दुसरं काही नाही, नुसत्या भुकेनं. पोळ्याला शकुंतलानं पोळ्या केल्या, तेव्हा मी वास नको म्हणून शेतात जाऊन बसले.

चालण्याची तर वेगळीच तऱ्हा. आपल्या गावात बाई माणूस उगाच चालत नाही. पहिल्या दिवशी आर्वीच्या रस्त्याला लागले तर जो तो विचारायचा, मास्तरीनबाई, कुठी चालल्या जी? कोणी मेलं का? मग मी हातात रिकामी पिशवी घेऊन निघू लागले, म्हणजे काही आणायला चालल्यासारखं दिसायचं. माझे यजमान प्रभाकरराव पहिले आठ दिवस मागून सायकलवर आले, मग म्हणाले, तुझ्या चालीनं सायकल पडते माझी. माणसं तोलायचा काटा गावात नाही. तानबा व्यापाऱ्याकडे कापसाचा काटा आहे, त्यावर मी दर रविवारी उभी राहायची. एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, पंचाहत्तर. दिवाळीत सत्तर. पोलकी दोनदा आवळून घेतली, बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. आणि कोकी, खरं सांगते, मला त्या चालण्याची गोडी लागली. सेहेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा आपलं अंग हलकं वाटलं. घरी येऊन पाहावं तर रूपराव खाटेवर सुजलेला. त्याला पाणीसुद्धा मोजून, दिवसाला दोन पेले. बागेतली संत्री उतरत होती आणि त्याला एक फोड चालत नव्हती. त्याच्याजवळ बसून मी माझी अळणी भाजी खायची. तो म्हणायचा, ''बाई, आपल्या दोघाइची पंगत बिनमिठाची. तू काऊन माह्यासाठी इतकी वाळून राह्यली?'' मी म्हणायची, गप रे, मला बारीक व्हायचंच होतं.

जानेवारीत चौसष्ट भरले. नागपूरच्या डॉक्टरांनी दाब तीनदा मोजला आणि खुर्चीतून उठून म्हणाले, पास झालात बाई, इतक्या निष्ठेनं कोणी करत नाही. मी आपल्या वर्गातल्या पोरासारखी हसले. लगेच आम्ही तिघं मुंबईला गेलो, तो, शकुंतला आणि मी. तू नाशिकला असतेस एवढं ऐकून होते; नाशिकरोड आलं तेव्हा मी थंडीचं निमित्त करून खिडकी लावून घेतली.

मुंबईला त्यांनी हातातून औषध टोचून माझे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. फोटो उजेडासमोर धरून त्यांनी दाखवलं. उजवीकडे किडनी होती. डावीकडे काहीच नव्हतं. जन्मापासूनच नाही, म्हणाले, आणि जी आहे ती दोघींचं काम करते आहे, म्हणून कधी कळलं नाही. तुमची तब्येत उत्तम आहे, जपा. मी विचारलं, अजून वजन कमी केलं तर? शकुंतलानं माझा हात धरला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय विचारलं ते.

सहा महिने मी जे अंग तयार केलं त्यात त्याला द्यायला काही नव्हतंच. आजही मी तेच खाते आणि तेवढंच चालते. का, ते विचारू नकोस. थांबले तर ते सगळं नुसतं माझ्यासाठी केल्यासारखं होईल असं वाटतं, आणि चालत राहिले तरी ते माझ्यासाठीच आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. फोटो खाली ठेवून डॉक्टरांनी विचारलं, आणखी कोणी सख्खं भाऊ-बहीण? मी म्हटलं, नाही, आम्ही दोघंच. तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस त्या दिवसापासून बाबांनी हेच उत्तर घरात लावून दिलं होतं. शाळेत, लग्नकार्यात, शिरगणतीवाल्याला मी तेच सांगत आले, तसं ते तोंडातून गेलं. रूपराव शेजारच्या स्टुलावर होता. तोही बोलला नाही. परत येताना नाशिकरोडला तो उठून दाराशी गेला आणि गाडी सुटेपर्यंत फलाटाकडे पाहत राहिला. मी विचारलं, तू काऊन नाही बोललास डॉक्टरांपाशी? म्हणाला, ''जिले आपण दारात येऊ देलं नाई, तिच्यापाशी आता आंगातलं काई कसं मांगून घ्याचं, बाई?'' त्यानंतर मी तुला तीनदा पत्र लिहिलं आणि तीनदा फाडलं. मार्चमध्ये त्याच्या छातीत पाणी झालं, हृदय सुजलं. आता कोणाचीही किडनी मिळाली तरी हे शरीर चाकू सोसणार नाही, असं नागपूरनं सांगून त्याला घरी पाठवलं. म्हणजे आता तुझ्याकडून काही मागायचं उरलं नाही, तेव्हा कुठे माझी लिहायची हिंमत झाली. तुझा रक्तगट काय आहे ते मला माहीत नाही. कृपा करून मला कधी सांगू नकोस. काल तो मला कोकी म्हणाला, मी दुरुस्त केलं नाही. तू यावंस असं वाटतं. पण आलीस तर सगळं ठाऊक असून ये. माझ्या गळ्यात पडून रडायला आलीस आणि नंतर कोणाकडून कळलं, असं व्हायला नको. डॉक्टर आठवडा-दीड आठवडा म्हणतात.

जिनं तुला नाही म्हटलं ती, तरीही तुझीच,
अनुसया