डुक्कर फियाटीचं कपाळ

मालेगाव, जि. वाशीम
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. धम्मदीपास,
आई-बाबाचा जयभीम अन् लय लय आशीर्वाद. वि. वि.

सतीशरावांचा गुडघा आता जिना चढू देते का? तुह्या सासूबाईची साखर, स्नेहाचा खोकला, अन् तुही पाठ, एकेकाचं बयाजवार कळव. इकडे तुह्या आईचे सांधे थंडीनं कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. मले फोनवर अर्धंच ऐकू येते. जलमभर इंजिनं दुरुस्त केली, त्यायनं कान खाऊन टाकले. म्हणून हे पत्र.

बाई, मनात एक काटा रुतून बसला. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा माहा दोस्त लखीराम, अन् त्याची त्रेसष्ट सालची डुक्कर फियाट तुले याद असनच. तेच ते, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या शौकीन लोकायनं तिले मेळाव्याले बोलावलं. लखीराम नवरदेवावानी फुगला. पण त्याच्या आधी गाडीची नव्यानं नोंद करा लागते, अन् त्यासाठी पत्र्यावर कोरलेल्या चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं छाप काढून द्या लागते. त्या शौकीन लोकायपैकी मदनसिंग छाप घ्याले तांड्यावर आला. मलेही बोलावलं होतं. बोनेट उघडलं, इंजिनामागचा पत्रा पाह्यला, तं नंबरच नाही! नंबर नाही तं नोंद नाही, अन् नोंद नाही तं गाडी भंगारात, असं तो बोलला.

तवा लखीरामनं माह्याकडे पाह्यलं. अठ्ठ्याऐंशी साली तो पत्रा सडला होता. मीच कापला अन् नवा तुकडा वेल्डिंगनं जोडला. साऱ्या तांड्यासमोर तो म्हणाला, की जान्या, तू माह्या गाडीची जन्मपत्रीच कापून फेकली. मी चहा न पिता उठलो. पंधरा दिवस झाले, त्याचा निरोप नाही.

खरं सांगू? मी नंबर कापला नाही, असं छातीवर हात ठेवून मले म्हणता येत नाही. याद नाही. तुही आई म्हणते, तुमाले लग्नाची तारीख याद नाही, पत्रा कुठून राहीन. लोकायनं डोळे मिटून गाड्या माह्या हाती देल्या. आता म्हातारपणी सगळ्यात जुन्या दोस्ताचीच गाडी मी मारली म्हणाची का? घास गोड लागत नाही, बाई.

तुहा,
बाबा (जानराव)

·

नाशिक
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा व आईस,
दीपाचा सप्रेम जयभीम.

यांचा गुडघा बरा आहे, जिन्याशी भांडण मिटलं. स्नेहाचा खोकला गेला. सासूबाईंची साखर वाढली, कारण उशीखाली पेढ्यांचा डबा सापडला. माझी पाठ तुमचं पत्र वाचताना दुखायची विसरली.

बाबा, आपण दर दसऱ्याला तांड्यावर जेवायला जायचो. गोमतीमावशी नवऱ्याला, लखीरामकाकांना, बोनेट उघडायला लावायची आणि इंजिनामागच्या पत्र्यावर, उजव्या अंगाला, तेलात कालवलेलं कुंकू थापायची. चाकाला तर कोणीही लावतं, गाडीचं कपाळ आत असतं, असं सांगायची. वर्षाचा थर वर्षावर. जुना पुसायचा नाही, म्हणे. मी शेवटचा पाहिला तेव्हा चांगला बोटभर जाड होता, तेलकट, काळाठिक्कर.

आणि तुम्ही? आपल्या घरी पूजाअर्चा नाही, पण मावशीच्या मानाखातर तुम्ही त्या कुंकवाला कधी बोट लावलं नाही. सगळं इंजिन पुसून काढायचा, तेवढी जागा सोडून. मग तिथे कटर लावाल का? तुमच्या हाताला याद नसेल, स्वभावाला तर आहे. जा आणि त्या कुंकवाखाली बघा. रुसवा मी नंतर काढून देईन.

तुमची,
दीपा

·

मालेगाव
दि. २ मार्च २०२५

चि. सौ. धम्मदीपास,
जयभीम अन् पोटभर आशीर्वाद. सासूबाईले सांग, पेढे चोरून खाल्ले तं निदान अर्धा आमाले पाठवा.

तुहं पत्र आलं अन् मी तुह्या आईले घेऊन मानोऱ्याची एसटी धरली. लखीराम ओट्यावर होता. मले पाहून बिडी विझवली अन् तोंड फिरवलं. मी गोमतीबाईले म्हटलं, वैनी, तुमची परवानगी असन तं कपाळ पुसाचं आहे. ते हसली. म्हणाली, म्याच लावलं, म्याच काढीन. डिझेलची चिंधी अन् चुलीवरचं उलथनं घेऊन ते बोनेटात वाकली. पन्नास दसऱ्यायचे थर, बाई! फणसाच्या सालीवानी निघाले. खाली पत्रा नव्या ताटासारखा. तेलानं गंज धरूच देला नव्हता. अन् त्यावर एकेक आकडा उभा. माहा वेल्डिंगचा जोड तिथून पुरा एक वीत दूर, डाव्या अंगाले.

मी तो नंबर दोनदा मोठ्यानं वाचला.

गोमतीबाई नवऱ्यावर घसरली, की गाडी रोज आरशावानी पुसतो, तिचं कपाळ एकदा पाह्यलं नाही, अन् बोल लावते दोस्ताले! तुही आई लगेच म्हणाली, की आमच्याकडलंही ध्यान असंच आहे. मदनसिंगनं येऊन छाप नेली. मेळावा पक्का.

लखीरामनं माफी-बिफी मागतली नाही. मागतली असती तं मलेच लाज वाटली असती. त्या स्टिअरिंगवर त्यानं आजलोक पोरालेही बसू देलं नाही, दुरुस्तीनंतरच्या ट्रायललेही तोच बसे अन् मी बाजूले. त्यानं चालवणाऱ्याकडचा दरवाजा उघडला, मले दंडाले धरून आत बसवलं, अन् सोता पलीकडून बसला. बाया मागं. तांड्याले फेऱ्या सुरू. तिसऱ्या फेरीले तो हळूच म्हणाला, जान्या, ब्रेक लागत नाही का? मी म्हटलं, लागते, पण थांबाचं कोणाले आहे?

नागपूरले तुमी सगळे या. येता का नाही, ते दोन ओळीत का होईना, पण टपालानंच कळव. लवकर. डाकिया गल्लीत शिरला का तुही आई चष्मा शोधाले लागते.

तुहा,
बाबा