पुरावा मागणाऱ्या बाई

ताईस आणि तिच्या तिखट जिभेस नमस्कार,

मी बरी आहे, दोन वेळा जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

युद्धात नवरे गेलेल्या आम्ही नऊजणी इथल्या आधारकेंद्रात रोज समुपदेशक बाईंसमोर बसतो. छळणारा विचार वहीत लिहायचा, शेजारी त्याचा पुरावा.

मी लिहिलं, "मी अडवलं असतं, तर हे वाचले असते."

बाई म्हणाल्या, "पुरावा?"

"सासूबाई तसं म्हणतात."

"फौजेचा हुकूम फिरवायचा अधिकार तुम्हाला होता?"

"अहो, त्या घरात मला पडदे बदलायचाही नव्हता!"

सगळ्या हसल्या. मी ते वाक्य खोडलं.

झोप अजून रुसलेलीच आहे. आईला कळवू नकोस.

रविवारी सासूबाईंना फोन करणार आहे. भांडायला नव्हे. माझा नवरा गेला, तसा त्यांचा मुलगाही गेलाय. त्या स्वतःला काय बोल लावतात, ते विचारायला.

फोन नक्की लावणारी,
तुझी धाकटी